फुटकी घंटा आणि बर्लिनचं स्टेडियम

बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमबाहेर एक अवाढव्य पोलादी घंटा उघड्यावर ठेवलेली आहे. तिला तडा गेलाय, अंगाला भोक पडलंय. तिच्यावरचं नाझी स्वस्तिक नंतर बुजवलं, तरी जवळ गेलं की आकार ओळखू येतो. 'मी जगातल्या तरुणांना हाक देते' ही अक्षरंही वाचता येतात. हे स्टेडियम ठेवावं की पाडावं, या वादाचं मूळ या घंटेपाशी आहे.

इथे आधी ऑटो मार्श यांनी १९१६च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधलं होतं. महायुद्धामुळे ते ऑलिंपिक झालंच नाही. पुढे नाझी राजवटीत त्यांचा मुलगा वेर्नर याने १९३६च्या ऑलिंपिकसाठी त्याच जागी लाखभर प्रेक्षकांचं नवं स्टेडियम उभारलं. पश्चिमेला संचलनाचं मैदान, त्यापलीकडे घंटेचा मनोरा आणि मनोऱ्याच्या पायाशी पहिल्या महायुद्धात मेलेल्या तरुण सैनिकांचं स्मारक. धावपट्टीवरच्या मुलांची नजर थेट युद्धातल्या मरणाकडे वळवणारी ही आखणी आहे, आणि मला तीच सगळ्यांत भयंकर वाटते.

पण १९३६ साली याच धावपट्टीवर अमेरिकेचा कृष्णवर्णीय खेळाडू जेसी ओवेन्स याने चार सुवर्णपदकं जिंकली. शेजारच्या हॉकी मैदानावर १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ असं हरवलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलंही तेव्हा बर्लिनला गेली होती. आपल्या हुतूतूची प्रात्यक्षिकं त्यांनी तिथे करून दाखवली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा परिसर ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात गेला. १९४७ साली ब्रिटिशांनी आगीत खिळखिळा झालेला मनोरा सुरुंग लावून पाडला. घंटा कोसळून फुटली ती तेव्हा. मनोरा साठच्या दशकात पुन्हा बांधला आणि ब्रिटिश लष्कर १९९४ साली हा परिसर सोडून गेलं. स्टेडियम तोवर जीर्ण झालं होतं. पाडून नवं बांधा, असं काहींचं म्हणणं. काहींना ते रोमच्या कलोसियमसारखं पडीक राहू द्यायचं होतं. शेवटी २००० ते २००४ या काळात सुमारे २४.२ कोटी युरो खर्चून डागडुजी झाली. जुना दगड राखला. नवं छप्पर मनोऱ्याच्या बाजूला मुद्दाम उघडं ठेवलं, म्हणजे मनोरा नजरेआड होणार नाही. परिसरात इतिहास सांगणारे फलकही लावले.

वाद तरीही मिटला नाही. २०२० साली बर्लिनचे माजी मंत्री पेटर श्ट्रीडर यांनी नाझी काळातले पुतळे हटवण्याची मागणी केली. नूतनीकरण करणारे वास्तुविशारद फोल्कविन मार्ग यांनी कडाडून विरोध केला. मला मार्ग यांचं पटतं. पुतळे नेले तर उरेल ते नुसतं देखणं स्टेडियम, आणि देखणेपणाच तर नाझींना जगाला दाखवायचा होता. १९३६ला शंभर वर्षं होताना, २०३६चं ऑलिंपिक बर्लिनने मागावं का, यावरूनही तिथे मतभेद झाले.