कुलूप नेण्याआधी कोयंड्याचं भोक मोजा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हार्डन्ड (म्हणजे कडक केलेल्या) दांडीचं कुलूप घेऊन गेलेले ग्राहक दोन-चार दिवसांत परत येतात, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: दांडी कोयंड्यात जात नाही. जे कुलूप तसंच परत आणतात त्यांना आम्ही ते बदलून देतो. काही जण मात्र आधी दांडी घासून बघतात आणि मग येतात. त्यांना नाही म्हणावं लागतं, वाद होतो, मागे रांग थांबते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहोत.

दांडी म्हणजे कुलपाचा तो वाकवलेला गज, कोणी शॅकल म्हणतात. साध्या कुलपात ती मऊ पोलादाची असते आणि वरून क्रोम चढवल्यामुळे चकाकते. चकाकीचा आणि कडकपणाचा काही संबंध नाही. स्टेनलेस स्टीलचंही तेच. नेहमीचं 304 जातीचं स्टेनलेस गंजाला उत्तम टक्कर देतं, पण तापवून-विझवून त्याला पाणी देता येत नाही, म्हणजे कडक करता येत नाही. समुद्राजवळ ते जरूर वापरा, कटरपासून बचावासाठी त्याच्यावर विसंबू नका.

हार्डन्ड दांडीला लोहाराच्या भाषेत पाणी दिलेलं असतं. एक नेहमीची पद्धत अशी: कमी कार्बनचं पोलाद 900 अंशांच्या आसपास तापवून त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात आणि मग ते झटकन थंड करतात. त्यामुळे बाहेरची कातडी कडक होते आणि आतला गाभा चिवट राहतो. गाभा मुद्दामच तसा ठेवलेला असतो, नाहीतर हातोड्याच्या एका घावात दांडी काचेसारखी तुटेल. ही कातडी फार जाड नसते, बऱ्याच कुलपांत अर्धा ते एक मिलिमीटर. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ या अर्ध्या मिलिमीटरात आहे. (बोरॉनची दांडी मागणाऱ्यांसाठी: ती पोलादाचीच असते. बोरॉन त्यात लाखात एक ते तीन भाग एवढाच असतो, पाणी खोलवर बसावं म्हणून.)

आता हत्यारं. चांगल्या दांडीची कातडी कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर 60 च्या आसपास असते आणि हॅक्सॉच्या हायस्पीड पात्याचे दात 62 ते 65. फरक इतका थोडा की दांडी कापली जाण्याआधी दातच झिजतात. किल्ली हरवली म्हणून तासभर हॅक्सॉ चालवत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तशा वेळी आधी आम्हाला बोलवा, हातोड्याने ठोकून आतले लीव्हर अडकवून ठेवू नका.

बोल्ट कटरपुढे जाडी महत्त्वाची. 8 ऐवजी 12 मिलिमीटरची दांडी घेतली तर जाडी दीडपट होते, पण कापायचं पोलाद सव्वादोनपट. काउंटरच्या खणात आम्ही कटरने तोडलेले दोन तुकडे ठेवलेत, मागून घेऊन बघा. मऊ दांडीचं टोक दोन्हीकडून चिमटून छिन्नीसारखं झालंय. हार्डन्ड दांडीत कटर जेमतेम रुतलाय आणि उरलेला भाग कडकन तुटलाय, तुटलेली बाजू दाणेदार दिसते. ती तोडताना कटरच्या जबड्याला अर्धचंद्रासारखी खाच पडली. युरोपात कुलपांसाठी ईएन 12320 हे मानक आहे, त्यात 1 ते 6 श्रेणी आहेत आणि दांडी कापायला लागणारं बळही त्यात तपासतात. कुलपावर श्रेणी छापलेली असेल तर ती जाहिरातीपेक्षा जास्त सांगते.

‘ग्राइंडरने कापतं का?’ कापतं. चकतीतले कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात, त्यांच्यापुढे कुठलंही पाणी दिलेलं पोलाद मऊच. जाड दांडीने वेळ वाढतो, दांडी दोन्ही पायांत अडकणारी असेल तर सहसा दोनदा कापावं लागतं, आणि आवाज-ठिणग्या लपत नाहीत. एवढंच. ‘आमचं कुलूप कापलंच जात नाही’ असं आम्ही कधी सांगत नाही.

आणि हाच ग्राइंडर ग्राहक स्वतः हातात घेतात. कोयंड्याचं भोक 9 मिलिमीटरचं, दांडी 10 ची. कानस मारून बघतात, ती नुसती घसरते, कारण कुलूप खरंच चांगलं आहे. मग ग्राइंडर लावतात. चारी बाजूंनी अर्धा अर्धा मिलिमीटर गेला की दांडी भोकात बसते खरी, पण बरीचशी किंवा सगळी कडक कातडी जमिनीवर भुकटी होऊन पडलेली असते. शिवाय घासताना ती तापते. पोलादावर पिवळसर झाक आली की साधारण 220-230 अंश झाले, निळी आली की 300 च्या आसपास. तेवढ्यात दांडीचं पाणी उतरायला लागतं. ‘आम्ही हातसुद्धा लावला नाही’ असं सांगणाऱ्यांच्या दांडीवर तो निळा डाग आम्हाला लांबूनच दिसतो. असं कुलूप आम्ही परत घेऊ शकत नाही, कारण ते पुढच्या कोणाला विकणं बरोबर नाही. कुलूप लटकत असताना शेजारी वेल्डिंग केलंत तरी तोच धोका.

घासायचंच असेल तर कोयंड्याचं भोक मोठं करा, तेही कडेला पुरेसा पत्रा उरत असेल तरच. कोयंडा पातळ असेल तर तो बदला. 12 ची दांडी आणि तीन मिलिमीटरच्या पत्र्याचा कोयंडा अशी जोडी असेल तर चोर दांडीकडे बघतही नाही. साखळीचंही तसंच, कुलपापेक्षा मऊ साखळी नको. कटरचा जबडा आत जाऊ नये म्हणून खांदे उंच असलेली कुलपं येतात, पण ती जाड कोयंड्यावर बसत नाहीत. म्हणून विकताना आम्ही इतके प्रश्न विचारतो. काहींना त्याचा कंटाळा येतो, आमचा इलाज नाही.

माप घ्यायला व्हर्नियर लागत नाही. घरातले ड्रिल बिट भोकात घालून बघा. सहज जाणारा सगळ्यात जाड बिट सोबत आणा, त्यापेक्षा एक मिलिमीटर बारीक दांडी आम्ही काढून देतो. कोयंडा जाड असेल तर त्याची जाडीही लिहून आणा, कारण दांडीचा बाक त्यातून वळून जावा लागतो. बिट नसेल तर मोजपट्टी धरून भोकाचा फोटो काढा. हार्डन्ड कोयंडे आणि साखळ्या आम्ही कुलपांच्याच शेजारी ठेवतो. एकत्र घेतलं तर काउंटरवरच बसवून, उघडझाप करून दाखवतो.