टपाल तिकिटांवरील आधुनिक वास्तू (कोकण किनारा)

एखाद्या शहराची किंवा प्रदेशाची ओळख ठरलेली नवी बांधकामे टपाल तिकिटांवर छापण्याची प्रथा. संग्राहक हा गट लेणी, मंदिरे, किल्ले यांच्या तिकिटांपासून वेगळा लावतात. ही वाटणी काटेकोर नाही, कारण तिकीट निघाले तेव्हा कोरी करकरीत असलेली इमारत पुढे वारसा म्हणूनच मिरवते.

भारतात याची सुरुवात राजधानीपासून झाली. नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त १९३१ साली सहा तिकिटे निघाली. त्यांत पुराना किल्ला तेवढा जुना. युद्धस्मारकाची कमान, कौन्सिल हाउस, व्हाइसरॉयचे निवासस्थान हे सारे ताजे बांधकाम होते.

कोकण किनाऱ्याला हा मान १९३५ मध्ये मिळाला. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी संचात सर्वांत कमी मूल्याच्या, अर्ध्या आण्याच्या हिरव्या-काळ्या तिकिटावर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया आले. ताजमहाल, सुवर्णमंदिर, रामेश्वर अशा शेजाऱ्यांत ही कमान अगदीच पोरसवदा होती. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार ती पूर्ण झाली १९२४ साली, म्हणजे तिकिटाच्या अवघी अकरा वर्षे आधी. निवडीचे कारण मात्र वास्तुकलेपेक्षा राजनिष्ठेत शोधावे लागते. हाच राजा १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरला होता आणि त्याच्या आगमनाची खूण म्हणूनच कमान उभारली गेली. तो उतरला तेव्हा ती जागेवर नव्हती, ही गंमत तिकिटावर दिसत नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या नित्य वापराच्या मालिकेने (१९४९) पुन्हा प्राचीनाकडे तोंड फिरवले. किनाऱ्याच्या वाट्याला नऊ पैची घारापुरीची त्रिमूर्ती आली. आधुनिकता परतली ती १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेत, आणि तीही बहुतांशी यंत्रयुगाच्या वेशात. १९६५ पासूनच्या मालिकेत पाच रुपयांवर भाक्रा धरण आले, दहा रुपयांवर तुर्भ्याची (ट्रॉम्बे) अणुभट्टी. साध्या पाकिटावर दहा रुपयांच्या तिकिटाला काहीच काम नसे. ते जड पार्सलांवर किंवा परदेशी टपालावर दिसे. त्यामुळे ज्या चाळींतून पत्रे रत्नागिरी-मालवणकडे जात, तिथल्या बहुतेकांनी तुर्भ्याचे हे चित्र हातात धरलेही नसेल. ४ ऑगस्ट १९६६ रोजी निघालेल्या होमी भाभा स्मारक तिकिटाने ती उणीव भरून काढली. त्यावर भाभांसोबत अणुभट्टी होती, किंमत होती पंधरा पैसे, आणि तारीख ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाल्याच्या दशकपूर्तीची.

मुंबईच्या दक्षिणेला या विषयाचे मोठे नाव एकच : कोकण रेल्वे. मार्ग १९९८ मध्ये सलग खुला झाला आणि त्याच वर्षी टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. इथे वास्तू म्हणजे इमारत नव्हे, तर पूल आणि बोगदे. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरील पुलाचे खांब सुमारे ६४ मीटर उंच आहेत. खालच्या झाडीतून वर पाहिले की गाडी खेळण्यातली वाटते. तरीही २००७ च्या ‘लँडमार्क ब्रिजेस’ संचात हावडा, विद्यासागर सेतू, पाटण्याचा महात्मा गांधी सेतू आणि पांबन हे चौघेच आले. पानवलचा समावेश व्हायला हवा होता, असे कोकणातल्या कुणालाही वाटेल. वांद्रे–वरळी सागरी सेतूचा तर तेव्हा प्रश्नच नव्हता; तो २००९ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

अशा तिकिटांची खरी मजा मॅक्सिमम कार्डात असते. वास्तूचे छायाचित्र असलेल्या कार्डाच्या चित्राच्याच बाजूला तिकीट लावतात आणि शक्यतो त्याच गावच्या टपाल कार्यालयाचा शिक्का मारून घेतात. चित्र, तिकीट आणि शिक्का तिन्ही एका जागेचे जुळले, तरच जाणकार कार्ड उत्तम मानतात. गेटवेच्या कार्डावर पुण्याचा शिक्का असेल, तर संग्राहक ते बाजूला सारतो.