थ्री पॉइंट लिंकेजचा खडखडाट मुळात आला कुठून

छोट्या ट्रॅक्टरचं थ्री पॉइंट, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या तीन दांड्या, घरी खोलायला बसलं की पहिल्यांदा असंच वाटतं की सगळंच गेलंय, खालच्या दोन लोअर लिंक डावीउजवीकडे हलतायत, वरची टॉप लिंक खडखडतेय, खालच्यांना बाजूला जाण्यापासून आवरणारी चेक चेन सैल. पण यातला निम्मा सैलपणा मुद्दाम ठेवलेला आहे, आणि कुठला मुद्दामचा आणि कुठला झिजेचा हे कळायला त्या तीन दांड्यांचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा पडतो.

1917 साली हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच्यामागे नांगर जोडायची पद्धत घोड्याच्या काळातलीच होती, म्हणजे मागे एक कडी आणि तिला नांगर ओढायचा. नांगर दगडात अडकला की मागची चाकं जागेवर थांबायची, पण इंजिन थोडंच थांबतंय, मग चाकांच्या ऐवजी अख्खा ट्रॅक्टरच एक्सलभोवती फिरायचा, तोंड आकाशाकडे आणि ड्रायव्हर खाली. माणसं मेली यात. आजही टॉप लिंकच्या ब्रॅकेटला साखळी बांधून झाडाचं खोड ओढणारे लोक दिसतात, ते नेमकं हेच करत असतात, एक्सलच्या वर ओढ लावतात. ओढायचंच असेल तर खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या पट्टीला, बांधा.

त्याच वर्षी, पहिलं महायुद्ध चालू असताना, आयर्लंडमध्ये सरकारने हॅरी फर्ग्युसन नावाच्या मोटार मेकॅनिकला ट्रॅक्टरच्या कामात लक्ष घालायला सांगितलं. हा गडी आधीच गाजलेला, 31 डिसेंबर 1909 ला स्वतः बांधलेलं विमान उडवून आयर्लंडमधलं पहिलं उड्डाण केलेला. तो आणि त्याचा साथीदार विली सँड्स शेताशेतातून फिरले आणि त्यांच्या लक्षात आलं की दोष ट्रॅक्टरचा नाही की नांगराचाही नाही, दोष जोडणीचा आहे. नांगर मागे फरफटत आणण्यापेक्षा तो ट्रॅक्टरचाच अवयव झाला पाहिजे. आधी एकावर एक दोन दांड्यांची डुप्लेक्स जोडणी झाली, मग तिला हायड्रॉलिक लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा, जोडायचे प्रयोग, 1926 मध्ये ब्रिटिश पेटंट, आणि 1933 मध्ये स्वतःचा काळ्या रंगाचा एक नमुना ट्रॅक्टर.

यातली खरी अक्कल टॉप लिंकमध्ये आहे. आपल्याला वाटतं तीही ओढतेय, पण नांगरताना ती उलट ढकलत असते. नांगराचा फाळ जमिनीत रुतला की नांगर वरच्या बाजूने पुढे कलायला बघतो, तो जोर टॉप लिंकमधून ट्रॅक्टरवर येतो आणि तोंड उचललं जायच्या ऐवजी खाली दाबलं जातं. फर्ग्युसनने याच ढकलण्याला एक स्प्रिंग लावली आणि स्प्रिंग हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हला जोडली. जमीन कडक लागली, ढकल वाढली, की लिफ्ट आपोआप नांगर किंचित उचलणार, वजन मागच्या चाकांवर येणार, चाकं घसरणार नाहीत. हे ड्राफ्ट कंट्रोल. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड ट्रॅक्टरचं काम करायला लागला.

आणि खालच्या दोन लिंक नीट बघा, त्या समांतर नसतात, पुढे ट्रॅक्टरकडे जाताना जवळ येतात. त्यामुळे अवजार बाजूला सरकलं तरी चालता चालता स्वतःच मध्यावर येतं, पण त्यासाठी त्याला थोडं हलायला वाव लागतो. मुद्दामचा सैलपणा तो हा. लिंकच्या टोकातला, पिन जाते तो बॉल त्याच्या घरात गोल फिरतोय तर ठीक, पण पुढेमागे खटखट सरकत असेल किंवा पिनचं भोक लांबट झालं असेल तर ती झीज, तिथे बदलायला हवं.

1936 मध्ये डेव्हिड ब्राऊनच्या कारखान्यात बनलेला फर्ग्युसन-ब्राऊन बाजारात आला, पण खपला बेताचाच. मग ऑक्टोबर 1938 मध्ये फर्ग्युसन तो ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्डकडे गेला, आधी शेतात चालवून दाखवला, मग टेबलावर चावीचं खेळण्यातलं मॉडेल ठेवून समजावलं, आणि दोघांनी कागद न करता हात मिळवले. 1939 मध्ये फोर्ड 9एन आला. 1947 मध्ये नातू हेन्री फोर्ड दुसरा याने तो तोंडी करार मोडला आणि तीच जोडणी ठेवून 8एन काढला. फर्ग्युसनने 25.1 कोटी डॉलरचा दावा ठोकला, 1952 मध्ये 92.5 लाखांवर मिटलं. हातावर हात मारून केलेल्या धंद्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांनाच माहितीय, असो. तोवर इंग्लंडमध्ये त्याचा स्वतःचा करडा टीई20 निघत होता, 1946 ते 56 मध्ये पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले.

पेटंटची मुदत संपेपर्यंत बाकीच्यांनी आपापल्या वेगळ्या जोडण्या काढल्या होत्या, इंटरनॅशनलची फास्ट हिच, अॅलिस-चाल्मर्सची स्नॅप कपलर, आणि एकाचं अवजार दुसऱ्याला लागत नव्हतं. नंतर सगळे थ्री पॉइंटवरच आले आणि मापं ठरली, कॅटेगरी 0, 1, 2 वगैरे. कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरला बहुतेक कॅटेगरी 1 असते, खालच्या पिना 22 मिमी, टॉप लिंकची 19 मिमी. म्हणून तर सुटे भाग आज कुठल्याही मेकचे बसतात. पण 22 च्या जागी घरात पडलेला 20 चा बोल्ट घालू नका, त्याचे आटे करवतीसारखे काम करतात आणि एका हंगामात बॉलचं भोक खाऊन टाकतात.

आता गंमत अशी की 9एनला फक्त ड्राफ्ट कंट्रोल होतं, लिव्हर ठेवाल तिथे अवजार उभं राहील असं पोझिशन कंट्रोल 8एनमध्ये आलं. आणि आजच्या बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरमध्ये बरोबर उलटं, फक्त पोझिशन कंट्रोल, फर्ग्युसनची ती स्प्रिंगच नाही. घरी काम करणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं, खोलायला तेवढं कमी. एक अवशेष मात्र राहिलाय, लोअर लिंक उचलणाऱ्या दोन लिफ्ट रॉडपैकी उजव्या बाजूच्याच रॉडला लांबी कमीजास्त करायची सोय असते, कारण नांगरताना उजवं चाक तासात खाली चालायचं आणि अवजार लेव्हलला आणावं लागायचं.

लिफ्टचा सिलिंडरही जुन्याच पद्धतीचा, तेल फक्त उचलतं, खाली अवजार स्वतःच्या वजनाने येतं. म्हणून खड्डे पाडायचा पोस्टहोल डिगर खाली दाबला जात नाही अशी तक्रार घेऊन लिफ्ट खोलू नका, ती तशीच असते. उभी केलेली लिफ्ट हळूहळू बसते हा मात्र खरा बिघाड.

माझी बसत होती, इंजिन बंद केलं की तासाभरात रोटाव्हेटर जमिनीवर. पंपावर संशय घेऊन मी दोन दिवस घालवले, पण इंजिन बंद असताना पंपाचा काय संबंध? सीटखाली लिफ्ट किती वेगाने खाली यावी याचा नॉब असतो, तो पूर्ण बंद करून बघायचं. बंद केल्यावर लिफ्ट थांबली तर गळती कंट्रोल व्हॉल्व्हच्या बाजूला, तरीही बसत राहिली तर सिलिंडरच्या बाजूला. माझी बसत राहिली. रोटाव्हेटर काढून ठेवला, लिफ्ट आर्म पूर्ण खाली घेतले, वरचं कव्हर उतरवलं, पिस्टन बाहेर काढला तर तेल अडवणारी रबरी ओ-रिंग एका बाजूने चपटी, नखाने दाबली तरी परत फुगत नव्हती. नवी रिंग आणि तिच्यामागची आधाराची बॅकअप रिंग तेल लावून बसवली, रोटाव्हेटर परत जोडला, लिफ्ट वर करून मागच्या भिंतीवर खडूने रेघ मारली, सकाळी रोटाव्हेटर रेघेवरच होता.