पार्श्वभूमी : तालुक्याच्या गावात ऑस्टिओपॅथीची पाटी

सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीची वेचणी सुरू झाली की विदर्भातल्या खेड्यांत कंबर धरलेली माणसं आधी हाड बसवणाऱ्याकडे जातात. चमक भरली तर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. अलीकडे मात्र तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपीच्या पाटीवर कुठे कुठे 'ऑस्टिओपॅथी' हा शब्दही दिसतो, म्हणजे हाताने हाडं, सांधे, स्नायू मोकळे करण्याची उपचारपद्धत.

या पद्धतीची मांडणी १८७४ साली एका अमेरिकन डॉक्टराने केली. दहा वर्षांपूर्वी मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली होती आणि पारा वगैरे पाजणाऱ्या तेव्हाच्या औषधोपचारावरचा त्याचा विश्वास उडाला होता. तो राग अनाठायी नव्हता. हाडं, सांधे, स्नायू मोकळे असले आणि रक्त नीट फिरलं तर शरीर स्वतःला सावरतं, हे त्याचं सूत्र. १८९२ साली मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला पहिली शाळा निघाली. हाताने जवळपास सगळेच आजार बरे होतात, असा दावाही तेव्हाच चिकटला. तो अजून पूर्ण सुटलेला नाही.

खरा गुंता कॅलिफोर्नियात झाला. तोवर अमेरिकेतली ऑस्टिओपॅथीची कॉलेजं औषधं आणि शस्त्रक्रियाही शिकवू लागली होती. १९६१ साली त्या राज्यातल्या ऑस्टिओपॅथ आणि एमडी (अमेरिकेत ही डॉक्टरकीची मूळ पदवी) डॉक्टरांच्या संघटनांनी विलीनीकरण केलं. ६५ डॉलर भरून सुमारे दोन हजार ऑस्टिओपॅथांनी एमडी पदवी घेतली. त्यांचं कॉलेजही एमडीचं झालं आणि १९६२ च्या मतदानाने राज्यात नव्या ऑस्टिओपॅथांना परवाने देणं बंद झालं. एका गटाला ही बरोबरीची मान्यता वाटली, दुसऱ्याला पैशात झालेली शरणागती. दुसऱ्या गटाचं म्हणणं जास्त पटतं, कारण अभ्यास तोच राहून नुसती पदवी बदलली असेल तर ऑस्टिओपॅथांना कमी लेखणारा आधीचा भेदभाव ज्ञानावर उभा नव्हताच. १९७४ साली न्यायालयाने परवान्यांची वाट पुन्हा मोकळी केली. या भांडणातून अमेरिकेतला ऑस्टिओपॅथ पूर्ण डॉक्टर म्हणून टिकला. तो औषध लिहितो, ऑपरेशन करतो, आणि त्यांच्यातले बरेच जण हाताचा उपचार क्वचितच करतात.

अमेरिकेबाहेर चित्र उलटं. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथांची नोंदणी आली, पण तिथला ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने उपचार करणारा. भारतात पोचली ती हीच शाखा. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाकडे आयुर्वेद, होमिओपॅथी अशा पद्धतींची जी यादी आहे, तिच्यात ती नाही. त्यामुळे इंटरनेटवर अमेरिकन ऑस्टिओपॅथचं कौतुक वाचून तालुक्याच्या क्लिनिकमध्ये जाणारा माणूस भलत्याच व्यवसायाबद्दल वाचून आलेला असतो. पाटीवर फिजिओथेरपिस्ट असेल तर राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारता येतो, आणि तो विचारावा.

'सर्व वयोगटांसाठी' हे वाक्य जाहिरातींत हमखास असतं. त्यातला भक्कम भाग मधल्या वयाचा आहे. वाकून निंदण करणाऱ्या किंवा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन वावरात फिरणाऱ्या माणसाच्या साध्या कंबरदुखीला हाताच्या उपचाराने थोडाफार आराम पडतो, व्यायामाची जोड असली तर बरं. बाळाच्या रडण्यावर किंवा पोटदुखीवर कवटी हलकेच दाबण्याला फारसा पुरावा नाही. टाळू भरणाऱ्या सुईणीच्या हातापेक्षा त्यात जास्त शास्त्र आहे असं समजायचं कारण नाही. म्हातारपणी हाडं ठिसूळ झालेली असताना झटका देऊन मणका 'मोकळा' करणं सरळ धोक्याचं. मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीलाही इजा होते.

विदर्भापुरती आणखी एक गोष्ट आहे आणि ती पाटीवर कधी नसते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या आजारात हातपाय, पाठ अचानक ठणकतात ते रक्तप्रवाह अडल्यामुळे, आणि मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळाही झिजतो. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने पाठीचा कणाच ताठरतो. या दोन्ही दुखण्यांवर मालिश आणि झटके हे उत्तर नाही. तरुण पोराची पाठ वारंवार ठणकत असेल तर आधी सिकलसेलची रक्त तपासणी, आणि गावभर कंबरा ताठरल्या असतील तर आधी हातपंपाच्या पाण्याची.