बालकामगार निर्मूलन व पुनर्वसन : भारतातील शासकीय प्रयत्न

चौदा वर्षांखालील मुलांना मजुरीतून सोडवून शाळेत घालणे, धोकादायक कामांत अडकलेल्या चौदा ते अठरा वयोगटातील किशोरांची सुटका करणे आणि अशा कुटुंबांना पर्यायी आधार देणे, यांसाठी भारतात झालेले कायदे, उभारलेल्या यंत्रणा व राबवलेल्या योजना यांचा विचार या नोंदीत केला आहे. यांपैकी वय आणि तास यांवर निर्बंध घालण्याची परंपरा १८८१ पर्यंत मागे जाते; सुटका झालेल्या मुलाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र शासकीय धोरणात १९८७ नंतरच स्पष्टपणे आला. या शंभर वर्षांच्या अंतराचे परिणाम पुढील व्यवस्थेवर दिसतात.

१८८१ चा कारखाना कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाचे नऊ तास ठरवले. हा कायदा का झाला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मुंबईच्या गिरण्यांना मिळणारी स्वस्त मजुरी इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांना खुपत होती व त्यांच्या दबावातून हा कायदा आला, असे एक मत आहे. तत्कालीन मुंबईतील अनेक गिरणीमालकांचीही हीच समजूत होती. दुसरे मत मुंबईतीलच प्रयत्नांना महत्त्व देते. मुंबई सरकारने १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमला होता आणि मुंबईतील समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ च्या सुमारास बालके व स्त्रिया यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा मांडला होता. लँकेशायरचा दबाव नाकारता येत नाही. परंतु बंगाली यांचा मसुदा पाहता संपूर्ण श्रेय किंवा दोष परदेशी हितसंबंधांकडे देणे ग्राह्य वाटत नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी दिलेल्या निवेदनात साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या प्रामुख्याने होत्या. पुढे किमान वय १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ च्या कायद्याने चौदा झाले.

हे सर्व कायदे कारखान्यापुरते होते. घरातली विडी, गालिच्याचा माग, चामडे कमावण्याची जागा यांपर्यंत ते पोचत नव्हते. या अंगाकडे लक्ष वेधले ते जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने (१९२९–३१); नारायण मल्हार जोशी हे या आयोगाचे एक सदस्य होते. पालकाने आगाऊ रक्कम घ्यायची आणि तिच्या फेडीसाठी मुलाची मजुरी गहाण टाकायची, ही रीत आयोगाला अमृतसरच्या गालिचा उद्योगात व विडी वळण्याच्या धंद्यात आढळली. तिच्या बंदोबस्तासाठी १९३३ मध्ये मुलांचे श्रम तारण ठेवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. पंधरा वर्षांखालील मुलाविषयीचा असा करार त्याने रद्दबातल ठरवला. मात्र वाजवी मजुरीचा, मुलाला अपाय न करणारा आणि आठवड्याच्या सूचनेने मोडता येणारा करार त्यातून वगळला. यानंतर १९३८ चा बालक रोजगार कायदा आला. त्याने रेल्वे वाहतूक व बंदरावरील मालहाताळणी यांत पंधरा वर्षांखालील मुलांना आणि विडी, गालिचा, आगकाड्या व फटाके, अभ्रक, लाख, कातडी कमावणे इत्यादी प्रक्रिया चालणाऱ्या कर्मशाळांत बारा वर्षांखालील मुलांना मनाई केली.

याच कायद्यातील एका परंतुकाने (अपवादाच्या तरतुदीने) पुढच्या सगळ्या कायद्यांची दिशा ठरवली. ज्या कर्मशाळेत मालक केवळ आपल्या कुटुंबाच्या मदतीने आणि मजुरीचा माणूस न लावता काम करतो, तिला ही मनाई लागू नव्हती. १९८६ च्या बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायद्याने ही सवलत कायम ठेवताना ‘केवळ’ आणि ‘मजुरीचा माणूस न लावता’ या अटी गाळल्या. त्यामुळे भाड्याने आणलेली मुले घरचीच असल्याचे सांगणे मालकाला सोपे गेले, अशी टीका या कायद्यावर सुरुवातीपासून झाली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत बंदी केली. परंतु शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला अथवा कौटुंबिक उद्योगाला, तो धोकादायक नसल्यास, मदत करण्याची मुभा ठेवली. येथे ‘कुटुंब’ या संज्ञेत आईवडील व भावंडे यांच्याबरोबर काका, आत्या, मामा व मावशी येतात, आणि ‘कौटुंबिक उद्योग’ म्हणजे घरच्या माणसांनी इतरांना सोबत घेऊन चालवलेला उद्योगही धरला जातो. १९३८ मध्ये जी अट होती तिच्या नेमकी उलट ही व्याख्या आहे. २०१७ च्या नियमांनी अशी मदत दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नसावी, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात नसावी, असे बंधन घातले. मूल तीस दिवस सलग गैरहजर राहिल्यास मुख्याध्यापकाने संबंधित अधिकाऱ्याला कळवावे, अशीही तरतूद केली. घराच्या उंबऱ्याआत हे तास कोण मोजणार, हा आक्षेप मात्र उरतो.

विडीच्या धंद्यात हा आक्षेप स्पष्ट दिसतो. तेंदूची पाने भिजवून, कातरून, तंबाखू भरून वळण्याचे काम आई करते; दोरा बांधणे व टोके दुमडणे हे मुलांच्या बोटांकडे येते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, एकाच नावावर लिहिली जाते. अशा वेळी मूल कोणाचाही नोकर नसते आणि तरीही त्याच्या श्रमाशिवाय हजाराचा आकडा पुरा होत नाही.

स्वतंत्र भारतात संविधानाच्या अनुच्छेद २४ ने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व अन्य धोकादायक कामांत लावण्यास मनाई केली, तर अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या मोफत शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले. बालमजुरीच्या प्रश्नावर १९७९ मध्ये अहवाल देणाऱ्या गुरुपादस्वामी समितीने असे मत मांडले की दारिद्र्य असेतो बालमजुरी समूळ नष्ट करणे अवघड आहे. म्हणून धोकादायक कामांत बंदी व इतरत्र नियमन, असा दुहेरी मार्ग तिने सुचवला. १९८६ चा कायदा याच विचारावर उभा आहे. याविरुद्ध अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायरन वायनर यांनी असे प्रतिपादले की सक्तीचे शिक्षण लागू न करण्यामागे केवळ दारिद्र्य नसून राज्यकर्त्या व शिक्षित वर्गाच्या धारणा आहेत. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांनी एम. व्ही. फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या द्वारे जे काम उभे केले, त्याची भूमिकाही शाळेबाहेरचे प्रत्येक मूल बालकामगारच मानावे, अशी होती. गरीब कुटुंबेही संधी मिळताच मुलांना शाळेत पाठवतात, हे त्या कामात दिसून आले, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर धोरणाचा कल याच बाजूला झुकला. आजवरचा अनुभव पाहता ही दुसरी भूमिका अधिक सयुक्तिक ठरते.

पुनर्वसनाची सुरुवात ऑगस्ट १९८७ च्या राष्ट्रीय बालकामगार धोरणाने झाली. त्यात कायद्याची अंमलबजावणी, सर्वसाधारण विकास योजनांचा लाभ आणि बालमजुरी दाट असलेल्या भागांत विशेष प्रकल्प, अशी तीन अंगे होती. तिसऱ्या अंगातून १९८८ मध्ये राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प सुरू झाला. आरंभीच्या प्रकल्पांची संख्या काही साधनांत नऊ तर काहींत बारा दिलेली आढळते. शिवकाशी (आगकाड्या), फिरोजाबाद (काच), मुरादाबाद (पितळी भांडी), अलीगढ (कुलुपे), मिर्झापूर-भदोही (गालिचे), जयपूर (रत्नांना पैलू पाडणे), मंदसौर व मार्कापूर (पाट्या) ही नावे बहुतेक याद्यांत आहेत. सुरतचा हिरे उद्योग काही याद्यांत आहे, तर बाराच्या यादीत महाराष्ट्रातील ठाण्याचा समावेश होतो. नऊ हा मूळ संकल्प व बारा ही पुढील काही वर्षांतील प्रत्यक्ष स्थिती, असे मानल्यास दोन्ही आकडे जुळतात. १५ ऑगस्ट १९९४ रोजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी धोकादायक कामांतील वीस लाख मुलांना २००० पर्यंत बाहेर काढण्याची घोषणा केली. त्याच वर्षी बालमजुरी निर्मूलनासाठी राष्ट्रीय प्राधिकरण नेमले गेले व प्रकल्पाचा विस्तार वेगाने झाला. दहाव्या पंचवार्षिक योजनेत २५० जिल्ह्यांचे लक्ष्य ठेवले गेले.

प्रकल्पाचा खर्च केंद्रीय श्रम मंत्रालय करीत असे. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नोंदणीकृत संस्था स्थापली जाई आणि ती बहुधा स्वयंसेवी संस्थांमार्फत विशेष शाळा चालवी. या शाळांनाच नंतर विशेष प्रशिक्षण केंद्रे म्हटले जाऊ लागले. नऊ ते चौदा वयोगटातील, साधारण पन्नास मुलांचे एक केंद्र असे. तेथे गाळलेल्या इयत्तांचा अभ्यास, हस्तकौशल्य, दुपारचे जेवण, आरोग्य तपासणी व विद्यावेतन मिळे आणि ठरावीक काळानंतर मुलाला नियमित शाळेत दाखल केले जाई. विद्यावेतन आरंभी दरमहा शंभर रुपये होते; ते पुढे दीडशे व नंतर चारशे रुपये झाले. वर्षानुवर्षे न वाढलेले हे विद्यावेतन आणि केंद्र सरकारकडून उशिराने येणारा निधी यांचा फटका प्रथम शिक्षकांना बसे, कारण ते तुटपुंज्या मानधनावर नेमलेले असत. महाराष्ट्रात विडी व यंत्रमाग यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरासह अनेक जिल्ह्यांत हे प्रकल्प चालले. मंत्रालयाच्या निवेदनांनुसार देशभरात दहा लाखांहून अधिक मुले या मार्गाने नियमित शाळांत गेली. त्यांपैकी किती टिकली याचा पाठपुरावा फारसा झालेला दिसत नाही.

शिवकाशीच्या आगकाडी कारखान्यांसंबंधी वकील एम. सी. मेहता यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निकालाने पुनर्वसनाला आर्थिक आधार मिळाला. धोकादायक कामात मूल लावणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये कल्याण निधीत भरावेत. शासनाने घरातील एका प्रौढाला रोजगार द्यावा, ते शक्य नसल्यास प्रत्येक मुलामागे ५,००० रुपये त्याच निधीत घालावेत, आणि या रकमेचे व्याज मूल शाळेत जात असेतो कुटुंबाला द्यावे, अशी ही रचना होती. बिनधोक कामांतील मुलांसाठी दिवसाला सहा तासांहून अधिक काम नसावे व मालकाच्या खर्चाने दोन तास शिक्षण मिळावे, असेही न्यायालयाने सांगितले. २०१६ च्या दुरुस्तीतील पुनर्वसन निधी याच कल्पनेचा वैधानिक अवतार असून त्यात दंडाच्या रकमेखेरीज शासन प्रत्येक मुलामागे १५,००० रुपये घालते. दरम्यान १० ऑक्टोबर २००६ पासून घरकाम, ढाबे व हॉटेले यांत मुलांना ठेवण्यास बंदी आली. २०१६ नंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद, अथवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा असून गुन्हा दखलपात्र आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे किमान वयाविषयीचे १३८ व बालमजुरीच्या निकृष्ट प्रकारांविषयीचे १८२ क्रमांकाचे करार भारताने जून २०१७ मध्ये स्वीकारले.

प्रत्यक्ष सुटकेत श्रम निरीक्षक, पोलीस, स्वयंसेवी संस्था व १०९८ ही मदतवाहिनी यांचा सहभाग असतो. ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली होती. धाडीनंतर मूल बालकल्याण समितीपुढे आणले जाते. वयाचा वाद येथेच उभा राहतो. बालन्याय कायद्यानुसार शाळेचा दाखला, तो नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी, असा क्रम आहे. या चाचणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. चौदाच्या आतबाहेर असलेल्या मुलाच्या बाबतीत एवढ्या फरकावर मालकावरील कलम बदलते. मुंबईच्या जरीकामाच्या खोल्यांतून सोडवलेली पुष्कळ मुले बिहारमधील असत. त्यांना बालगृहात ठेवून पुढे घरी पाठवले जाई. घरचे कर्ज तसेच असल्यास ती पुन्हा कामाला लागण्याची शक्यता राहते. वेठबिगार ठरलेल्या मुलासाठी २०१६ च्या केंद्रीय योजनेत दोन लाख रुपयांपर्यंत, व अत्याचाराच्या गंभीर प्रकरणांत तीन लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पूर्ण रकमेसाठी वेठबिगारीचा गुन्हा न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो.

बालकामगारांची संख्या किती घटली, हे सांगताना सावधगिरी हवी. जनगणनेनुसार ५ ते १४ वयोगटातील कामकरी मुले २००१ मध्ये १.२६ कोटी होती आणि २०११ मध्ये ४३.५ लाख, असे आकडे शासकीय निवेदनांत शेजारीशेजारी येतात. पहिल्या आकड्यात वर्षातील सहा महिन्यांहून कमी काम करणारी सीमांतिक मुले धरलेली आहेत, तर दुसऱ्यात फक्त मुख्य कामकरी. दोन्हींना एकच माप लावल्यास २०११ ची संख्या १.०१ कोटी होते. घट आहे, पण तृतीयांशावर येण्याइतकी नाही. मुख्य कामकऱ्यांपुरते पाहिले तर ५७.८ लाखांवरून ४३.५ लाख झाले. हंगामी मजुरी करणारी मुले बहुतांशी सीमांतिक गटात पडतात, म्हणून हा भेद महाराष्ट्राला विशेष लागू पडतो.

मराठवाड्यातील, मुख्यतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’; मुकादमाकडून घेतलेली उचल ही जोडी हंगामभर फेडते. मुले वाढे गोळा करतात, मोळ्या बांधायला हात लावतात किंवा धाकटी भावंडे सांभाळतात. १९३३ च्या कायद्याने जी आगाऊ रक्कम लक्ष्य केली होती तिच्याशी उचलीचे साम्य उघड आहे. परंतु करार आईबापांच्या नावे असल्याने मूल कायद्याच्या नजरेत येत नाही. यावर कारखाना परिसरातील साखरशाळा आणि गावातच आजी-आजोबा किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे हे दोन उपाय झाले. दुसरा उपाय श्रम खात्याऐवजी शिक्षण खात्याकडून आला, आणि मूल मुळातच स्थलांतर करीत नसल्याने तो अधिक परिणामकारक मानला जातो.

१ एप्रिल २०२१ पासून राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा योजनेत विलीन करण्यात आला. त्यामुळे बालकामगारांसाठी असलेली स्वतंत्र केंद्रे बंद झाली व शाळाबाह्य मुलांच्या विशेष प्रशिक्षणात त्यांची सोय धरण्यात आली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील संस्था, विद्यावेतन आणि श्रम खात्याशी असलेला थेट दुवा या गोष्टी या बदलात मागे पडल्या. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने राष्ट्रीय पातळीवर तुलनेसाठी अजूनही २०११ चेच आकडे वापरले जातात.