घरगुती फॉर्म्युला दूध: शुद्ध असलं तरी पुरेसं नाही

गायीच्या दुधात पाणी-साखर घातली की बाळाचं फॉर्म्युला दूध घरीच होतं, हा समज फार जुना आणि चुकीचा आहे. १०० मिलिलिटर आईच्या दुधात प्रथिनं साधारण १ ग्रॅम असतात, गायीच्या दुधात ३ ग्रॅमहून जास्त. कोवळ्या मूत्रपिंडांना हा भार पेलवत नाही. पाणी वाढवलं तर जीवनसत्त्वंही पातळ होतात, आणि लोह तर मुळातच नगण्य. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा दिला, कारण घरगुती मिश्रणावरच्या काही बाळांचं कॅल्शियम इतकं उतरलं की त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. साखरेऐवजी मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. बाजारातल्या फॉर्म्युलाचा डबा परवडत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना मोकळेपणी सांगा. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.