गव्हाण रिकामी कुणाची?

सांगलीत विश्रामबागला बहिणीकडे गेलो, तर भाच्याच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडं. गेम अडखळत चालतो ही तक्रार. हातात आठ हजार रुपये आणि एकच प्रश्न, "मामा, ३६०० वेगाची रॅम घेऊ की सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड?"

मी उलट विचारलं, "साखर कारखान्याची गव्हाण, म्हणजे ऊस टाकायची जागा, रिकामी पडली तर घाणा मोठा बसवून उपयोग होईल का?" सांगलीच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रॉल्याच येईनात तर गाळप थांबणार. म्हणून आधी बघायचं, कोण कुणासाठी थांबलंय. कॉम्प्युटरमध्ये माहिती हा ऊस, रॅम म्हणजे मेमरी हा तो आणणारा रस्ता, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स हे घाणे.

रॅमच्या पट्टीवर छापलेला ३२०० हा आकडा म्हणजे सेकंदाला ३२० कोटी खेपा. एका खेपेत ८ बाइट. गुणाकार केला की एका पट्टीचा वेग निघतो: सेकंदाला २५.६ जीबी. दुसरी पट्टी योग्य स्लॉटमध्ये लावली की दुसरा रस्ता खुला होतो आणि तोच आकडा ५१.२ वर जातो. आता ३६०० ची एकच पट्टी घेतली तर? २८.८. म्हणजे जास्त वेगाच्या एका पट्टीपेक्षा साध्या दोन पट्ट्या कितीतरी पुढे. दुकानात मात्र बोलणं होतं ते डब्यावरच्या आकड्याचं.

बरं, पहिली ट्रॉली किती वेळात पोचते हा हिशोब आणखी वेगळा. तो सीएल या आकड्यात, म्हणजे मागणी केल्यापासून माहिती यायला लागणाऱ्या ठोक्यांत, लपलेला असतो. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्हींचा तो वेळ भरतो बरोबर १० नॅनोसेकंद. ३२०० चीच सीएल२२ वाली पट्टी घेतली तर पावणेचौदा.

भाच्याचा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. त्याच्या पोटातच ग्राफिक्स, म्हणजे चित्र काढणारा भाग, आहे, पण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे जवळपास साडेबारा कोटी ठिपके, आणि एकेका ठिपक्याचा रंग ठरवायला मेमरीत अनेकदा डोकवावं लागतं. हा सगळा ऊस त्याच रस्त्यानं येणार, ज्या रस्त्यानं प्रोसेसरचाही येतो. अशा मशीनमध्ये रॅमचा वेग गेममध्ये सरळ डोळ्यांना दिसतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे दारातच स्वतःचा ऊस लावलेला दुसरा कारखाना. २०१९ मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५० कार्डाच्या जीडीडीआर५ (कार्डांसाठीची वेगवान जात) मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी आहे. असं कार्ड बसलं की रॅमवर उरतो फक्त प्रोसेसरचा भार. मग ३२०० की ३६०० यानं हाताला लागेल असा फरक क्वचितच पडतो.

पण "कार्ड" शब्दाला भुलू नये. जीटी १०३० या एकाच नावाखाली दोन वाण विकले गेले. जीडीडीआर५ वाला सेकंदाला ४८ जीबीचा, आणि साध्या रॅमच्या डीडीआर४ जातीचा १६.८ चा! दुसरा वाण भाच्याच्या एका पट्टीपेक्षाही हळू. जीटी ७१० चा डीडीआर३ प्रकार तर १४.४ वरच थांबतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात "२ जीबी" लिहिलेलं असतं, ते कोठाराचं माप आहे, रस्त्याचं नव्हे. माझ्या मते असलं कार्ड गेमसाठी घेणं म्हणजे पैसे कृष्णेत टाकणं.

आम्ही टास्क मॅनेजर उघडला. मेमरीच्या पानावर दोन गोष्टी दिसल्या: दोनपैकी एकच स्लॉट भरलेला, आणि पट्टी ३२०० ची असून वेग २६६६. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला छापील वेगानं चालवणारी सोय) चालू करायचं राहून गेलेलं. ते फुकटात झालं. मग गेमचं रिझोल्यूशन ७२० वर आणलं, म्हणजे ठिपके निम्म्याहून कमी. गेम लगेच सुरळीत पळाला. प्रोसेसर कमी पडत असता तर ठिपके घटवून काही फरक पडला नसता. अडकलं होतं ते ग्राफिक्सकडेच.

तेवढ्यात बहीण म्हणाली, "माझं टॅली पण रडतंय, मला कुठलं घालू?" तिच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क आहे. तिला दोन्ही नको, एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, हवी.

भाच्यानं आधीच्याच जातीची दुसरी ८ जीबीची पट्टी मागवली. पट्ट्या वेगवेगळ्या वेगाच्या असल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या चालीनं चालतात, म्हणून वेग आणि सीएल दोन्ही जुळवून घेतले. उरलेल्या पैशांवर कार्डाचा विचार अजून आहेच. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉटपर्यंतच वीज देतो, त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागातून, वेगळी वायर लागते. ती वायर त्याच्या डब्यात आहे का, हे बघायला तो टॉर्च घेऊन पुन्हा टेबलाखाली शिरला.